सरपणाची पैदास

फलटण-लोणंद पट्ट्यात सुबाभळीला झाड म्हणून कोणी मान देत नाही. आंब्याला आळं करतात, पिंपळाला पार बांधतात, सुबाभळीच्या वाट्याला कोयता. शेळीला पाला हवा, तोड. चुलीला फाटी हवीत, तोड. पिकावर सावली पडते, तोड. पावसाळ्यात तोडली की दोन-तीन आठवड्यांत खुंटावर फुटव्यांचा झुपका पुन्हा हजर. कॅनॉलच्या भरावावर, पडक्या वाड्याच्या चौकात, एसटी स्टँडच्या मागे ती कोणी न लावता उभी असते. त्यामुळे लोकांना वाटतं, ही इथलीच कुठलीतरी रानटी बाभूळ असणार.

प्रत्यक्षात ती पारखून, निवडून, नंबर देऊन जगभर पाठवलेली जात आहे.

आमची जळाऊ लाकडाची वखार आहे. आप्पांनी ती उभी केली, आता मी बघते. पूर्वीचं गिऱ्हाईक म्हणजे चुली, बंब आणि लग्नाचे आचारी. गॅस घरोघरी आला, छपरावर सोलर हीटर बसले, तसा माल दुसरीकडे जायला लागला. दूध प्रकल्पांचे बॉयलर, गुऱ्हाळं, बेकऱ्या, ढाब्यांच्या भट्ट्या आणि स्मशानभूमी. वखारीत बसण्याआधी मी कृषी महाविद्यालयात वनस्पती पैदासशास्त्रात एम.एस्सी. केलं. ज्वारी, हरभरा, करडई यांचे वाण कसे तयार होतात ते तिथे शिकले. त्यामुळे काट्यावर लाकडाची गाडी आली की वजनाच्या आधी माझ्या मनात येतं, हे वाण कुणी निवडलं असेल आणि काय बघून निवडलं असेल? जळणासाठीही झाडांची पैदास करतात म्हटलं की लोक हसतात. पण हे काम शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्यातलं यश-अपयश आमच्या बांधावर उभं आहे.

मेक्सिकोहून बांधावर

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिथे तिच्या कोवळ्या शेंगा आणि बिया माणसं खातात. स्पॅनिश गलबतांतून ती फिलिपिन्सला पोचली आणि पुढे आग्नेय आशियात पसरली. या पहिल्या फेरीत जगभर गेली ती तिची खुरटी, झुडपी जात. ती लवकर फुलते आणि मग सगळी ताकद शेंगांत घालते. लाकूड म्हणाल तर काठीपुरतं.

हवाई विद्यापीठातले जेम्स ब्रुबेकर हे मक्याचे पैदासकार. हवाईच्या गोड मक्याच्या वाणांसाठी त्यांचं नाव आहे. १९६०च्या दशकापासून त्यांनी सुबाभळीचे नमुने गोळा करून शेजारी शेजारी लावायला सुरुवात केली. प्रत्येक नमुन्याला 'के' हे अक्षर आणि एक नंबर. त्यांतले काही निराळे निघाले. सरळ बुंधा, कमी फांद्या, फुलायला उशीर, उंची पंधरा-वीस मीटर. मेक्सिकोतल्या झाकातेकास राज्यातला के-८ आणि एल साल्वादोरमधले के-२८ व के-६७ हे त्यांतले गाजलेले. 'हवाईयन जायंट' म्हणून जे गाजलं ते याच गोतावळ्यातलं.

पैदासकाराच्या दृष्टीने यात एक मोठी सोय होती. सुबाभळीचं फूल स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे के-८चं बी पेरलं की के-८च उगवतो. वाण शुद्ध राखायला वेगळी यातायात नाही. किलोत वीसेक हजार बिया बसतात. बियांचं कवच टणक असतं, गरम पाण्यात टाकून घेतल्याशिवाय त्या एकसारख्या उगवत नाहीत. एवढी खटपट केली की झालं. बी पाकिटात घाला आणि टपालाने कुठेही पाठवा.

१९७३च्या तेलाच्या भडक्यानंतर जगाला जळणाची आठवण झाली. १९७७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सुबाभळीवर एक पुस्तिका काढली आणि हे झाड देशोदेशींच्या योजनांत शिरलं. त्याच दशकात मणिभाई देसाई यांच्या बाएफ या संस्थेने उरुळी कांचनहून महाराष्ट्रात तिचा प्रसार सुरू केला. पाला जनावरांना, फाटी चुलीला आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरणारे, म्हणजे जमिनीलाही फायदा. १९८०च्या दशकात आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडापासून वायू तयार करून त्यावर डिझेल इंजिनाचा पाच अश्वशक्तीचा पंपसेट चालवून पाहिला. आप्पांना तो काळ चांगला आठवतो. "तेव्हा वाटायचं, आता डिझेल बांधावरच उगवणार."

उंच झाड म्हणजे चांगलं वाण नव्हे

झाडाची पैदास आणि ज्वारीची पैदास यांत मोठा फरक आहे तो वेळेचा. ज्वारी चार महिन्यांत सांगते, मी कशी आहे. जळणाचं झाड सांगायला तीन-चार वर्षं घेतं, आणि त्याची पुढची पिढी पारखायला आणखी तेवढीच.

दुसरी अडचण डोळ्यांची. रानात सगळ्यांत उंच झाड दिसलं की मन म्हणतं, याचंच बी धरू. पण ते झाड विहिरीच्या पाटाशेजारी असेल तर ती उंची पाण्याची आहे, वाणाची नव्हे. मुरमाड माळावरचं मध्यम झाड कदाचित जास्त गुणाचं असेल. हे ओळखायला एकच मार्ग असतो. निवडलेल्या झाडांची संतती वेगवेगळ्या जमिनींत, प्रत्येक ठिकाणी अनेक तुकड्यांत विखरून लावायची आणि दर वर्षी मोजायची. छातीच्या उंचीला, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर. शिवाय उंची, मर आणि तोडल्यावर येणारे फुटवे. जी संतती सगळीकडे सरस ठरते तिच्या आईबापांत खरा गुण.

नीलगिरीत आणखी एक पेच आहे. तिचे पराग किडे-मधमाश्या इकडचे तिकडे नेतात, त्यामुळे बियांपासूनची रोपं एकसारखी निघत नाहीत. १९८०च्या दशकात नाशिक भागात विनायकराव पाटलांच्या पुढाकाराने नीलगिरीच्या शेतीची मोठी लाट आली होती, पुढे भाव कोसळले आणि ती ओसरली. त्या काळातली बियांपासूनची नीलगिरी आप्पांनी पुष्कळ खरेदी केली. ते सांगतात, एकाच वयाच्या, एकाच ओळीतल्या झाडांत एक मनगटाएवढं तर शेजारचं मांडीएवढं असायचं.

यावरचा तोडगा ब्राझीलने मोठ्या प्रमाणावर अमलात आणला. तिथली नीलगिरीची गोष्टच जळणापासून सुरू होते. १९०४ साली साओ पावलोतल्या पावलिस्ता रेल्वे कंपनीने एडमुंडो नावारो दि आंद्रादे या कृषितज्ज्ञाला नेमलं, कारण इंजिनांना लाकूड लागत होतं आणि रुळांच्या आजूबाजूची जंगलं संपत होती. त्यांनी देशी झाडं आणि नीलगिरी शेजारी शेजारी लावून बघितली. वाढीत नीलगिरीने बाजी मारली. नंतर त्यांनी नीलगिरीच्या शंभराहून अधिक जाती आणून लावल्या.

पुढे एस्पिरितु सांतु राज्यात अराक्रुझ कंपनीच्या कागदासाठीच्या लागवडीत खोडाला कॅन्कर नावाचा बुरशीरोग लागला. हजारो झाडं फाटली, पण त्यांच्यामध्येच काही झाडं साफ निरोगी आणि जोमदार उभी होती. त्यातली बरीचशी दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून झालेली. याच झाडांच्या हुबेहूब नकला हव्या होत्या. बी कामाचं नव्हतं, ते पुन्हा भलतंच काही देणार. कलमं करावी, तर मोठ्या नीलगिरीच्या फांद्यांना मुळं फुटत नाहीत. ती फुटतात फक्त खुंटावरच्या कोवळ्या फुटव्यांना. म्हणजे रानातल्या सगळ्यांत चांगल्या झाडाची नक्कल करायची, तर आधी तेच झाड तोडायचं.

हे काम मी एका रोपवाटिकेत जवळून पाहिलं आहे. बायका गोल बसून फुटव्याचे बोटभर तुकडे कापत होत्या. प्रत्येक तुकड्यावर पानांची एक जोडी, आणि तीही कात्रीने अर्धी केलेली. मुळं नसलेल्या काडीला पूर्ण पान पोसवत नाही, त्यातून पाणी उडून जातं आणि पान अजिबात नसेल तर काडी उपाशी मरते. म्हणून अर्धं. खालचं टोक मुळं फुटण्याच्या संप्रेरकाच्या पावडरीत बुडवायचं, ठोकून जादाची पावडर झाडायची आणि नारळाच्या भुशाने भरलेल्या नळीत खोचायचं. मग ट्रे धुक्याच्या खोलीत. तिथे दर काही मिनिटांनी बारीक फवारा सुटतो, अंगावरचा कपडा ओलसर होतो, चष्मा धूसर. तीन-चार आठवड्यांनी ट्रे बाहेर काढला की नळीच्या तळातून पांढरी मुळं डोकावतात. काही झाडांच्या काड्या शेकडा ऐंशी लागतात, काहींच्या दहासुद्धा नाहीत. वाढ कितीही असो, ज्याच्या काड्या लागत नाहीत ते झाड इथेच बाद.

अराक्रुझच्या या कामाला १९८४चं मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्रात, आताच्या तेलंगणात, भद्राचलमच्या कागद गिरणीने याच वाटेने क्लोन तयार केले. आज नर्सऱ्यांत ज्या 'क्लोन नीलगिरी'च्या जाहिराती दिसतात त्यांची मुळं तिथे आहेत. हे दोन्ही कागदासाठी, हे खरं. पण कागदाला हवं तेच जळणाला हवं: कमी वर्षांत जास्त लाकूड, आणि तोडल्यावर पुन्हा फूट. उसाचा खोडवा ठेवतात तसं आहे हे. लावणीचा खर्च एकदा, पीक तीनदा-चारदा.

जे मोजलं नाही तेही आलं

सुबाभळीकडे परत येते. निवड करताना उंची मोजली, घेर मोजला, टन मोजले. प्रत्येक झाडात याशिवायही खूप काही असतं.

पहिलं, मिमोसिन. सुबाभळीच्या पाल्यात हे विषारी द्रव्य असतं. घोड्यांच्या आयाळीचे-शेपटीचे केस गळतात, ऑस्ट्रेलियात गुरांना गलगंड व्हायला लागला. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना प्रश्न पडला, मग हवाईतल्या शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत कशा? उत्तर शेळ्यांच्या पोटात होतं. तिथले जिवाणू त्या विषाचा निकाल लावत होते. जोन्सनी ते जिवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांच्या पोटात रुजवले आणि त्रास थांबला. पुढे त्या जिवाणूला त्यांच्याच नावावरून 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' म्हणायला लागले.

दुसरं, सायला. लिंबूवर्गीय बागायतदारांना सायला माहीत आहे. सुबाभळीचा सायला त्याच्याच कुळातला, जेमतेम दोन मिलिमीटरचा. तो कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. शेंडा आखडतो, पानं गळतात, पुन्हा फूट येते, पुन्हा तो खातो. मूळ कॅरिबियन-मध्य अमेरिकेचा हा किडा १९८४मध्ये हवाईत आढळला, १९८५मध्ये फिलिपिन्सला, १९८८मध्ये भारतात. इतक्या झपाट्याने पसरण्याचं एक कारण त्या टपालाने गेलेल्या पाकिटांत आहे. खंडोखंडी लावलेली सुबाभूळ मोजक्या आयांची लेक होती आणि स्वपरागी असल्यामुळे एकाच शेतातली सगळी झाडं जनुकांनी सारखी. एकाला जे झेपलं नाही ते कोणालाच झेपलं नाही. किड्याला आवरायला मूळ मेक्सिकोचा एक निळसर ढालकिडा निरनिराळ्या देशांत सोडला गेला, भारतातही. काही वर्षांत सायल्याचा जोर ओसरला, झाडं सावरली, पण सुबाभळीवरचा भाबडा विश्वास गेला तो गेला.

फिलिपिन्समध्ये तर याच सुमारास याच झाडावर विजेची मोठी योजना उभी होती. १९८०च्या आगेमागे मार्कोस सरकारने ठरवलं की खेडोपाडी सुमारे तीन-तीन मेगावॉटची लाकडावर चालणारी वीजकेंद्रं काढायची आणि प्रत्येकाभोवती सुबाभळीची लागवड करायची. कागदावर झाडांच्या वाढीचे आकडे चांगल्या जमिनीवरच्या प्रयोगांतले होते, प्रत्यक्षात लागवड झाली डोंगरउतारांवर. तिथल्या कितीतरी जमिनी आम्लधर्मी, आणि सुबाभळीला आम्लधर्मी जमीन मानवत नाही. वाढ कमी, वणवे, लाकूड कोण कुणाला काय भावाने देणार याचे वाद आणि वरून सायला. ठरवलेल्या केंद्रांतली थोडीच पुरी झाली आणि तीही फार टिकली नाहीत.

तिसरं, बी. उशिरा फुलणारी म्हणून निवडलेली जातही शेवटी फुलतेच. उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगांचे घोस वाऱ्यावर खुळखुळतात, तडकतात, आणि बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक जातींच्या नामांकित यादीत सुबाभूळ आहे. आमच्याकडचे शेतकरी ती यादी न वाचता तेच सांगतात. "एक बांधावर लावली, दहा उसात उगवल्या."

पैदासकार या सगळ्यावर गप्प बसले नाहीत. त्यांनी सुबाभळीच्या रानटी भावंडांकडे वळून पाहिलं. 'ल्युसिना पॅलिडा' या जातीवर सायला फारसा चालत नाही. तिचा आणि सुबाभळीचा संकर हवाईत झाला. त्याला सायला कमी लागतो आणि बीही कमी धरतं. दुसरा संकर आणखी मजेदार. सुबाभळीच्या पेशीत १०४ गुणसूत्रं असतात, 'ल्युसिना एस्क्युलेंटा' या तिच्या भावंडात ५२. दोघांच्या संततीला मिळतात ७८. या ७८ची नीट जोडी-वाटणी होत नाही, म्हणून झाड फुलतं पण बी धरत नाही. बिनबियांच्या कलिंगडाचं तंत्र हेच. लाकूड भरपूर, तण शून्य.

मग हे झाड आमच्या बांधावर का नाही? कारण बी नाही म्हणजे पाकिटही नाही. आणि सुबाभळीच्या काड्यांना नीलगिरीसारखी सहज मुळं फुटत नाहीत. प्रत्येक रोप कलम करून, सांभाळून तयार करायचं तर ते महाग पडतं, आणि सरपणाच्या रोपाला कोण किती पैसे मोजणार? ज्या गुणामुळे सुबाभूळ तण झाली त्याच गुणामुळे ती स्वस्तही होती.

स्वीडनची विलो

जळण हाच पहिला हेतू ठेवून पद्धतशीर पैदास झालेलं झाड बघायचं तर स्वीडनला जावं लागतं. तेलटंचाईनंतर तिथे विलोवर काम सुरू झालं. विलो म्हणजे क्रिकेटच्या बॅटच्या लाकडाच्या कुळातली, पण ही झुडपी जात. वीतभर लांबीच्या काड्या यंत्राने जमिनीत खोचतात, हेक्टरी दहा हजारांहून जास्त. पहिल्या हिवाळ्यानंतर जमिनीलगत छाटतात, म्हणजे एकाचे अनेक फुटवे होतात. मग दर तीन-चार वर्षांनी, पानं गळल्यावर, जमीन गोठलेली असताना यंत्राने कापून तिथेच चिप्स करतात. एकदा लावलेली काडी वीस-पंचवीस वर्षं पीक देते. पानं गळल्यावर कापायचं कारण नीट लक्षात घेण्यासारखं आहे: पानांतली बरीच पोषकद्रव्यं तोवर मुळांत आणि मातीत परत गेलेली असतात.

तिथल्या पैदासकारांनी टनांच्या शेजारी आणखी रकाने आखले. तांबेरा रोग लागतो का? कडाक्याच्या थंडीत शेंडे जळतात का? खोडं सरळ आहेत का, यंत्रात नीट जातात का? सायबेरियातल्या विलोशी संकर करून तांबेऱ्याला दाद न देणारे वाण आले. ब्रिटनमध्येही प्रयोगांतून दिसलं की अनेक वाण एकाच शेतात मिसळून लावले की तांबेऱ्याचा जोर कमी होतो. सुबाभळीने जो धडा किंमत मोजायला लावून शिकवला तो विलोवाल्यांनी लागवडीच्या पद्धतीतच बसवला.

एनशॉपिंग नावाच्या गावात याचा पुढचा अंक आहे. गावाच्या सांडपाण्यातलं नत्रयुक्त पाणी सुमारे ७५ हेक्टर विलोला देतात. विलो गावच्या ऊर्जाकेंद्रात जळते, त्यातून वीज आणि घरं गरम ठेवायला गरम पाणी मिळतं आणि राख परत शेतात जाते. इथे झाडाला तीन कामं दिली आहेत आणि जळण त्यांतलं एक आहे.

काट्यावरचा हिशेब

आता माझ्या धंद्याचं. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. ते बॉयलरमध्ये घातलं की आगीला आधी पाणी उकळून उडवावं लागतं, मग उरलेली धग वाफेच्या कामाला. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे चार हजार किलोकॅलरींहून जास्त उष्णता मिळते, निम्मं पाणी असलेल्यात ती दोन हजारांच्या आसपास येते. म्हणून माझ्याकडे ओलावा मोजायचं छोटं यंत्र आहे. दोन सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. एकदा एक काका गाडी घेऊन आले, म्हणाले, "ताई, सकाळीच तोडलंय, एकदम ताजं." म्हटलं, "काका, मी भाजी घेत नाही."

गिऱ्हाइकांचा एक समज असा की बाभळीत धग जास्त, सुबाभळीत कमी. किलोला किलो लावलं आणि दोन्ही सारखी वाळलेली असली तर फरक फार थोडा. फरक आहे तो भरीवपणात. बाभूळ जड, त्याच आकाराच्या ओंडक्यात तिचं लाकूड जास्त आणि निखारा टिकतो. वेगाने वाढणाऱ्या बऱ्याच झाडांचं लाकूड हलकं असतं, म्हणजे गाडी भरलेली दिसते पण काटा कमी चढतो. पैदासकाराने नुसता घेर मोजला तर तो हवेलाही मार्क देतो. घेराबरोबर घनताही मोजली तरच खरे टन कळतात.

यानंतर येते जमीन. लाकडावरचं एक मेगावॉटचं वीजकेंद्र वर्षभर नीट चाललं तर साधारण सत्तर लाख युनिट देईल. युनिटमागे सव्वा किलो लाकूड धरलं तरी वर्षाला आठ-नऊ हजार टन लागतात. एकरी वर्षाला पाच टन सुकं लाकूड, म्हणजे चांगली जमीन आणि चांगलं वाण धरलं, तर सतराशे-अठराशे एकर झाडं हवीत. तेवढीच युनिटं सोलर पॅनलवर काढायला वीस-पंचवीस एकर पुरतात. प्रकाशापासून लाकूड करण्याच्या कामात झाड कच्चं आहे. अंगावर पडलेल्या उन्हातलं शेकडा एकाच्या आसपासच ते साठवतं, आणि कोणताही पैदासकार त्याचं वीस करू शकणार नाही.

म्हणून फक्त विजेसाठी चांगल्या जमिनीवर झाडं लावा असं मला कोणी सांगितलं तर मी हात जोडते. पण वाफ आणि उष्णता हा वेगळा विषय आहे. लाकडातून वीज काढताना बहुतेक उष्णता वाया जाते, तेच लाकूड चांगल्या बॉयलरमध्ये जाळून सरळ वाफ घेतली तर त्यातली सत्तर टक्क्यांच्या वर कामी येते. दूध तापवायला, रस आटवायला, सूत रंगवायला वाफच लागते. ती रात्रीही लागते, पावसाळ्यातही लागते. आणि लाकूड हा असा साठा आहे जो शेडमध्ये रचून ठेवता येतो. बांध, कॅनॉलची कड, पडीक मुरमाड तुकडा आणि जवळचा बॉयलर, या चौकटीत वेगाने वाढणारं झाड शोभतं. दूरवरून ट्रकने आणायचं म्हटलं की वाहतुकीतच त्याची कमाई जाते.

जाळलेल्या लाकडाचा धूर हवेत गेला तरी तेवढाच कार्बन पुढच्या वाढीत परत येतो, असं सांगतात. खरं आहे, पण एका अटीवर: खुंट जिवंत राहिला पाहिजे आणि पुन्हा तेवढाच वाढला पाहिजे. मुळासकट उपटून आणलेल्या लाकडाला हा हिशेब लागू नाही. आम्ही खोदून काढलेले बुंधे घेत नाही ते याच कारणाने.

कोणाला काय विचारायचं

हल्ली रोपवाटिकांची माणसं गावोगाव फिरतात. मलबार नीम, क्लोन नीलगिरी, आणखी कुठलीतरी झटपट जात. पत्रकावर एकरी टनांचा आकडा ठळक असतो. आमच्याकडे लाकूड घालणारे शेतकरी ते पत्रक घेऊन वखारीत येतात आणि विचारतात, घेऊ का? मी त्यांना उलट प्रश्न देते आणि रोपवाल्याकडे परत पाठवते. हे टन ओले की वाळलेले? ते कोणत्या जमिनीवर, किती पाण्यावर निघाले? तोडल्यावर फुटतं का, आणि दुसऱ्या तोडीला किती मिळतं? सगळी रोपं एकाच झाडाची नक्कल आहेत की चार-पाच वेगळे क्लोन आहेत? बी धरतं का, आणि धरत असेल तर ते कुठे जाणार? घ्यायला बॉयलर किती लांब आहे? यांतल्या तीन प्रश्नांची नीट उत्तरं देणारा रोपवाला भेटला तर रोपं घ्यायला हरकत नाही, फक्त सगळं रान एकाच वाणाने भरू नका.

आमच्या वखारीत आता भाव सुक्या वजनावर दिला जातो. त्याचा परिणाम गमतीचा आहे. शेतकरी लाकूड तोडून दोन महिने बांधावरच रचून ठेवतात, पाला जनावरांना जातो आणि गाडीभाडं पाण्यावर खर्च होत नाही. काही जण त्याच्याही पुढे गेले आहेत. आपोआप उगवलेल्या रोपांतलं लवकर शेंगा धरणारं ते उपटतात आणि सरळ, उशिरा फुलणारं राखतात. त्यांनी ब्रुबेकरांचं नाव ऐकलेलं नाही, पण करतात ती निवडच.

झाडाचा वेग वाढवता येतो हे आता सिद्ध करायचं राहिलेलं नाही. ब्राझीलने, हवाईने, स्वीडनने ते करून दाखवलं. पैदासकाराच्या वहीत कोणते रकाने असावेत हे मात्र त्याला लाकूड घेणारे आणि लावणारे सांगतात. आम्ही ओल्या टनाला भाव देत राहिलो तर तो ओले टनच वाढवून देईल. घनता, फूट, रोग, बी आणि जमिनीत परत जाणारा पाला यांना भाव मिळाला तर पुढचं सरपण वेगळं असेल. हे ठरवायला हवाईला जायला नको, ते आपल्या तालुक्याच्या वजनकाट्यावर ठरतं.